कचेरी उठलेलं गाव: इंदूरहून कंपेल

अकबराच्या काळात, १६व्या शतकाच्या अखेरीस, अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त माळवा सुभ्याची मोजदाद नोंदवली. त्यात उज्जैन सरकारातले (सरकार म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) महाल, म्हणजे परगणे, दिले आहेत. उज्जैन, देपालपूर, सांवेर, रतलाम, खाचरोद, बदनावर यांच्या रांगेत कंपेल आहे. इंदूरचं नाव त्या यादीत नाही. आज इंदूर तीसेक लाखांचं शहर आहे आणि कंपेल त्याच्या आग्नेयेला, पठाराच्या दक्षिण कडेजवळचं एक खेडं. परगण्याची कचेरी एका गावातून उठून दुसऱ्या गावात गेली आणि दोन्ही गावांचं नशीब फिरलं. माळव्यातल्या खेड्याचा इतिहास कसा शोधायचा हे शिकायला यापेक्षा चांगली वाट नाही. इथे सगळं एकाच जागी मिळत नाही, अर्धं शहरातल्या कागदात असतं आणि अर्धं गावच्या शिवारात. म्हणून क्रम पाळावा लागतो: आधी कागद, मग पाय, मग पुन्हा कागद.

जायचं ते मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. गहू-हरभरा निघालेला असतो, शेतं उघडी असतात, जमिनीचे चढउतार आणि जुन्या वस्तीची पांढरी माती लांबूनही दिसते. पावसाळ्यात काळ्या मातीत पाऊल टाकणंच अवघड. बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि विहिरी काठोकाठ भरल्याने बांधकामाचा खालचा भाग दिसत नाही. रंगपंचमीचा दिवस मात्र टाळावा. त्या दिवशी गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याभोवतीचे सगळे रस्ते बंद असतात आणि पहिल्या दिवसाचं काम नेमकं त्याच भागात असतं.

पहिला दिवस: जुनी इंदूर आणि मोती तबेला

खेड्याच्या इतिहासाची सुरुवात शहरात, जुन्या इंदुरात करायची. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला आपलं ठाणं इंदुरात हलवलं. १७१६ साली त्यांना मोगल दरबाराकडून इथल्या पेठेसाठी करमाफीची सनद मिळाली. उज्जैनहून ओंकारेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंचा आणि दख्खनच्या वाटेवरच्या व्यापाऱ्यांचा मुक्काम इंदुरात पडत होता. करमाफीने ती वर्दळ पेठेत टिकली आणि पाठोपाठ परगण्याचं मुख्यालयही कंपेलहून इंदुरात आलं. या घराण्याचा वाडा, बडा रावला, जुन्या इंदुरात आजही उभा आहे. तिथून नदी ओलांडून पंढरीनाथाकडे आलं की इंद्रेश्वराचं देऊळ लागतं; इंदूरचं नाव याच देवावरून पडलं असं मानतात. ही दोन ठिकाणं आणि राजवाडा असं पायी फिरायला दोन तास पुरतात. सकाळी सातला पोहे-जिलबी खाऊन निघालं तर साडेनवाला मोकळं होता येतं.

या फेरीतून एक गोष्ट मनात पक्की बसवायची. कचेरी हलण्याआधीच्या कागदांत इंदूर हा परगणा नाही, तो कंपेल परगण्यातला एक कसबा आहे. त्यामुळे आसपासच्या कुठल्याही खेड्याचा १७२०च्या आधीचा कागद शोधायचा तर तो ‘परगणे कंपेल, सरकार उज्जैन, सुभा माळवा’ या शीर्षकाखाली शोधावा लागतो. लोक ‘इंदूर’ शोधत बसतात, हाती काही लागत नाही आणि ‘गाव जुनं नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. शोधणाऱ्यांची निम्मी निराशा इथेच होते.

साडेदहानंतर मोती तबेल्याला कलेक्टर कचेरी. कामाचा दिवस बघूनच जावं. इथल्या अभिलेखागारातून जुन्या नोंदींच्या नकला मिळतात. अर्ज, तिकीट आणि बरीच चिकाटी लागते. अर्जात नुसतं ‘गावाचा जुना रेकॉर्ड’ असं लिहिलं तर तो परत येतो. गावाचं नाव, तहसील, पटवारी हल्का (आपल्याकडचा तलाठी सजा) क्रमांक आणि कुठल्या सालचा कुठला कागद, हे स्पष्ट लिहावं. मागायचे कागद चार.

सगळ्यात आधी १९५८-५९चा खसरा, म्हणजे शेताच्या नंबरवार मालक, क्षेत्र आणि पीक लिहिलेली नोंदवही. मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता २ ऑक्टोबर १९५९ला लागू झाली. त्याच्या लगतचा हा खसरा म्हणजे जुनी व्यवस्था आणि नवी व्यवस्था यांच्यातला उंबरठा, आणि सरकारी चौकशीतही तोच आधार धरतात. दुसरा, निस्तार पत्रक. संहितेच्या कलम २३४प्रमाणे बनलेल्या या कागदात चरनोई (गायरान), पाणवठे, स्मशान, वाटा, गुरं बसण्याची जागा, म्हणजे गावाने सामाईक वापरायच्या सगळ्या जागा असतात. तिसरा, वाजिब-उल-अर्ज, कलम २४२. पाणी कुणी कसं घ्यायचं, कुणाच्या शेतातून वाट जाते, मासे धरायचा हक्क कुणाचा, अशा रूढी त्यात लिहिलेल्या असतात. माणसं बोलायची विसरतात ते हा कागद सांगतो, आणि तरीही हा मागणारे फार थोडे. चौथा, जुना नकाशा. पटवाऱ्याकडे तो कापडावर काढलेला असतो म्हणून त्याला लठ्ठा म्हणतात. जुन्या नकाशांचं प्रमाण बहुधा १६ इंचाला १ मैल असतं. आजचा खसरा, बी-१ (खातेउतारा) आणि नकाशा सरकारी भूलेख संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, पण नंबर बदललेले असतात. जुना ११२ आजचा कुठला हे कळायला जुन्या-नव्या नंबरांची मिलान यादी सोबत मागावीच लागते. ती नसेल तर नाल्याचं वळण आणि विहीर या न हलणाऱ्या खुणा धरून दोन नकाशे एकमेकांवर बसवून बघावेत.

खसरा हातात आला की मालकाच्या रकान्याकडे आधी बघावं. ‘श्री अमुक मंदिर, प्रबंधक कलेक्टर’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, कधी काळी त्या देवाला माफी, म्हणजे सारा माफ असलेली, जमीन दिलेली होती आणि त्याची सनद कुठे ना कुठे असली पाहिजे. ‘कोटवार सेवा भूमी’ असं दिसलं तर गावच्या राखणदाराचं वतन कुठे होतं ते कळतं. सरकारी म्हणून नोंदलेला, आबादीला (गावठाणाला) लागून असलेला, वेडावाकडा छोटा नंबर दिसला तर त्यावर पेन्सिलने खूण करावी: जुनी गढी, कचेरी, सराय किंवा बुजलेलं तळं यांपैकी काही तिथे असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय आधी तिकडे वळवायचे.

क्षेत्र वाचताना जपून. इंदूरकडचा बिघा आज पाव हेक्टरच्या आसपास धरतात, २० बिस्व्यांचा. ग्वाल्हेरकडे तो लहान आहे, हेक्टरला जवळजवळ ५. होळकरी कागदातला बिघा कुठल्या साखळीने मोजला होता ते कागदावरच लिहिलेलं नसेल तर हेक्टरमध्ये रूपांतर करू नये. बिघेच लिहावेत.

कचेरीचं काम दुपारी अडकलंच तर आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या केंद्रीय संग्रहालयात जावं. सोमवारी ते बंद असतं. हिंगलाजगडच्या परमारकालीन मूर्ती तिथे आहेत. त्या नीट बघितलेल्या डोळ्यांना गावातल्या पारावर शेंदूर फासून बसवलेला दगड कुठल्या काळातला, हे बरंच ओळखता येतं. रीगलजवळच्या अहिल्या केंद्रीय ग्रंथालयात जुनी गॅझेटियर मागावीत: लुअर्डचं १९०८चं, धारीवालांचं १९३१चं आणि मध्य प्रदेश सरकारचं १९७१चं. तिन्ही वेगळ्या राजवटीतून लिहिली गेली आहेत. एकच गाव तिन्हीत वाचलं तर कशाची नोंद गाळली गेली तेही कळतं.

दुसरा दिवस: देवगुराडिया, खुडैल, कंपेल

इंदूरच्या तीन इमली चौकातून नेमावर रस्ता धरायचा. शहर संपता संपता डावी-उजवीकडे टेकड्या दिसू लागतात आणि देवगुराडिया येतं. टेकडीच्या पोटात गुटकेश्वर महादेवाचं देऊळ आहे, गोमुखातून झऱ्याचं पाणी येतं आणि जीर्णोद्धाराचं श्रेय अहिल्याबाईंना दिलं जातं. याच गावाच्या हद्दीत इंदूरचा सगळा कचरा येतो. रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा कारखाना इथे फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाला. शहराची स्वच्छता ज्या गावाच्या जमिनीवर उभी आहे त्या गावाचा इतिहास लिहिताना तीर्थ आणि कचरा दोन्ही लिहावं लागेल. फक्त देऊळ लिहिणं अन्यायाचं होईल.

खुडैलवरून कंपेल. दुपारच्या आत पोहोचावं, पण पहिल्याच तासात कॅमेरा काढू नये. आधी पंचायतीत जाऊन सरपंच आणि सचिवांना भेटावं, काय करतो आहोत ते सांगावं, मग कोटवाराला गाठावं. जमिनीचे कागद घेऊन फिरणारा अनोळखी माणूस म्हटला की गावाला प्लॉट घेणारा दलालच आठवतो. इंदूरची हद्द रोज पुढे सरकते आहे, तेव्हा त्यांची शंका रास्त आहे. कागदांची एक प्रत तिथेच पंचायतीच्या टेबलावर उघडून ठेवली की वातावरण बदलतं. लोक आपापला खसरा नंबर शोधायला पुढे येतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

उरलेली दुपार वयस्कर मंडळींबरोबर घालवायची. ‘दादा, गाव किती जुनं?’ हा प्रश्न विचारूच नये. उत्तर ‘पांडवांच्या काळापासून’ असंच येतं. विचारायचं ते असं: ही विहीर कुणी खोदवली? तिचं पाणी कुणाकुणाला चालायचं, कुणाला नाही? लग्नाचं वऱ्हाड कुठल्या गावाहून यायचं? धान्य विकायला कुठल्या हाटाला जायचे? सोयाबीन आलं त्याआधी त्या शेतात काय होतं? या शेवटच्या प्रश्नाने तर माणसं खुलतात. माळव्यात काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवायची आणि मुरलेल्या ओलीवर गहू घ्यायचा ही जुनी रीत. १९७०नंतर त्या पडीक हंगामात सोयाबीन शिरलं आणि ज्वारी, मूग, तूर मागे पडली. शेतांची जुनी नावं, जुन्या वाटा, गुरांची राखण हे सगळं त्या एका पिकाबरोबर बदललं. साठीच्या पुढच्या माणसाने आधीचं आणि नंतरचं दोन्ही पाहिलेलं असतं. त्यांचं बोलणं आधी उतरवून घ्यावं. दगड कुठे जात नाहीत.

बायकांशी बोलायला सोबत एखादी बाई हवी, नाहीतर गावाचा अर्धा इतिहास बाहेरच राहतो. पाणवठ्याची, ओटल्यावरच्या माताजीची, देवी-गोवराच्या साथीची आठवण त्यांच्याकडेच असते.

तिसरा दिवस: कांकडाची फेरी

हा सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात भरलेला दिवस. सकाळी सहाला कोटवाराबरोबर निघायचं आणि गावाची शीव, इकडे तिला कांकड म्हणतात, जमेल तेवढी पायी फिरायची. सोबत लठ्ठ्याची छायाप्रत, जाड पेन्सिल, ३० मीटरची फीत, दोरीला बांधलेलं वजन, लहान बॅटरी, दोन लिटर पाणी. मोबाइलवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत, पण नोंद वहीत खसरा नंबरावर करावी. मोबाइल हरवतो, नंबर सरकारी दप्तरात राहतो.

कांकडावर तीन-चार गोष्टी हमखास सापडतात: शिवेचा दगड, भेरूजी (भैरव), एखादी सती किंवा जुझाराचा, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा, चिरा, आणि दोन गावांच्या भांडणाची जागा. सतीचा चिरा ओळखायला सोपा. कोपरात वाकवून वर केलेला बांगड्या भरलेला हात, वर सूर्य आणि चंद्र, खाली बहुतेक वेळा नमस्कार करणारं जोडपं. सूर्य-चंद्र असेतो ही आठवण राहो, हा त्याचा अर्थ. खालच्या पट्टीत चार-पाच ओळी कोरलेल्या असतील तर काम सुरू होतं. अक्षरांत खडू भरायचा नाही, तेल लावायचं नाही, शेंदराचा थर खरवडायचा नाही. पूजेतला दगड गावाचा आहे आणि खरवडताना अक्षराची कडच निघून येते. सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हं पडतील तेव्हा फोटो घ्यावेत. ऊन नसेल तर दगडावर कापडाची सावली करून बॅटरी एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो. समोरून टाकलेल्या उजेडात सपाट दिसणारी ओळ तिरप्या उजेडात अशी उठून येते की वाचणारा थक्क होतो. फुटपट्टी बाजूला ठेवून एक फोटो मापासाठी. शाईचा छाप घेण्याच्या फंदात पडू नये, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि सरावाचा हात लागतो.

अक्षरं लागली तरी तारीख लागेलच असं नाही, आणि मराठी माणसाचा घोळ नेमका इथे होतो. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा, पण वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो: चिऱ्यावरचा ‘चैत्र वदि ५’ म्हणजे आपल्या पंचांगातली फाल्गुन वद्य पंचमी. शिवाय विक्रम संवत चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो, त्यामुळे तो चैत्र वदि आदल्या संवताच्या शेवटी येतो, नव्याच्या सुरुवातीला नाही. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो, जानेवारी ते मार्चमधल्या तिथीसाठी ५६. वार दिला असेल तर पंचांगाशी ताडून बघावा. वार जुळला तरच तारीख पक्की म्हणावी.

मग विहिरी. गावाचा इतिहास एका विहिरीच्या काठावर बसून जितका वाचता येतो तितका देवळात येत नाही. जुन्या विहिरीचा वरचा दगडी काठ बोटांनी चाचपावा. मोटेचा सोल, इकडचा चडसाचा नाडा, वर्षानुवर्षं जिथे घासला तिथे दगडात खोल, गुळगुळीत घळ पडलेली असते. बोट आत सहज बसतं. अशा घळींच्या जोड्या मोजाव्यात. मोटवणाचे खांब किंवा त्यांच्या खोबण्या मोजाव्यात. एकाच वेळी किती मोटा चालत होत्या ते त्यावरून निघतं, आणि किती मोटा यावरून विहिरीखालची अडाण, म्हणजे बागायती जमीन किती असेल त्याचा अंदाज येतो. बैल उतरायचा तो उताराचा रस्ता, धाव, फितीने मोजावी. खोल विहिरीला लांब धाव लागते, कारण बैल जितकं चालेल तितकीच मोट वर येते. वजन बांधलेली दोरी सोडून पाण्यापर्यंतची आणि तळापर्यंतची खोली मोजून घ्यावी. धाव लांब आहे आणि विहीर उथळ निघाली तर समजावं, ती गाळाने भरली आहे.

खसऱ्यातल्या अडाणाच्या नोंदी आणि मोटांची संख्या जुळत नसेल तर दोन कारणं बहुधा असतात. एक, विहीर नंतर वाढवलेली. बांधकामात खाली चुन्यातला दगड, वर विटा, त्यावर सिमेंट असे थर दिसतात. दुसरं, अफू. १९व्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती. खसखशीला खत आणि पाणी भरपूर लागतं, म्हणून गावाजवळच्या थोड्याच जमिनीवर मोठ्या खर्चाच्या विहिरी झाल्या. धान्यासाठी परवडली नसती अशी विहीर एखाद्या छोट्या शेतात दिसली तर तिच्यामागे अफूचा पैसा असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी, पण दुसरा पुरावा मिळेपर्यंत तसं लिहू नये.

दुपारी ऊन चढलं की फेरी थांबवून एखाद्या झाडाखाली डाळ-बाफल्यांचं जेवण. उन्हात तसंच पुढे गेलं तर तीन वाजल्यानंतरच्या नोंदी निष्काळजी होतात. वहीत ते अक्षरावरूनच दिसतं.

संध्याकाळी आबादीबाहेरची पांढरी. जुन्या वस्तीच्या टेकाडावर माती राखाडी, हलकी, भुसभुशीत. भोवतालची मात्र काळी, चिकट. नांगरटीत खापरं वर येतात. माळव्याची ताम्रपाषाणयुगीन भांडी तांबूस-नारिंगी अंगावर काळ्या रेघांची. अशी नर्मदाकाठच्या नवडाटोलीला आणि इंदूरच्या आझादनगरच्या उत्खननातही सापडली आहेत. त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा हाती लागतात ती मध्ययुगीन साधी लाल-काळी खापरं आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे. जिथे दिसलं तिथेच माप ठेवून फोटो घ्यावा, जागेची नोंद करावी, खापर परत ठेवावं. पिशवीत भरून नेलेलं खापर जागेपासून तुटलं की त्याचं बोलणं संपतं.

गाव एकाच ठिकाणी सलग वसलेलं होतं असं मात्र धरून चालू नये. १८१७ साली होळकर आणि इंग्रज यांच्यात महिदपूरची लढाई झाली तोवर पेंढाऱ्यांच्या आणि फौजांच्या येण्याजाण्याने माळवा उजाड झाला होता. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने दिलेल्या आकड्यांत होळकरांच्या ३७०१ खालसा (थेट सरकारी वसुलीच्या) गावांपैकी २०३८ वसलेली आणि १६६३ बेचिराग, म्हणजे जिथे दिवासुद्धा लागत नाही अशी. लढाईनंतर झालेल्या मंदसोरच्या तहापाठोपाठ १८१८मध्ये २६९, १८१९मध्ये ३४३ आणि १८२०मध्ये ५०८ गावांत पुन्हा वस्ती आली. म्हणजे आज ज्या गावात ‘आमचे पूर्वज इथलेच’ असं सांगतात, त्यातल्या कित्येक घरांचे पूर्वज १८२०च्या आसपास दुसरीकडून आलेले असू शकतात आणि गाव जुनं, माणसं नवी असा प्रकार असतो. घराण्याची वंशावळ ठेवणारे भाट-बडवे येतात का, त्यांच्या पोथीत कुठल्या गावाहून निघाल्याची नोंद आहे, हे म्हणूनच विचारायचं. ओंकारेश्वर आणि उज्जैनच्या पंड्यांच्या वह्यांतही गावाचं नाव आणि येणाऱ्याची सही मिळते. पोथीतल्या अलीकडच्या सहा-सात पिढ्या विश्वासाच्या. त्याआधीच्या पिढ्या थेट चितोड नाहीतर गुजरातच्या एखाद्या राजाला जाऊन मिळतात, तिथे पेन्सिल खाली ठेवावी.

चौथा दिवस: उज्जैनी

कंपेलहून जवळच उज्जैनी नावाचं छोटं गाव आहे. नावावरून गफलत होते, नकाशात आणि कागदात ते उज्जैनशी मिसळतं. तहसील बघूनच नोंद उचलावी. इथल्या कोकरी टेकडीच्या बाजूला क्षिप्रेचा उगम मानतात. विंध्याचा हा माथा पाणलोटाची शीव आहे. उत्तरेला पडलेला थेंब क्षिप्रा, चंबळ, यमुना करत गंगेला जातो आणि दक्षिणेला, तिंछा-मुहाडीच्या कड्यांवरून उतरणारं पाणी नर्मदेला. पठाराच्या कडेवर बसलेल्या कंपेलला परगण्याचं ठाणं का होतं ते इथे उभं राहिलं की कळतं: खालच्या नर्मदाखोऱ्यातून, निमाडातून, घाट चढून येणाऱ्याला वर पोहोचताच पहिली सपाट काळी जमीन लागते ती इथे. घाटावर नजर ठेवायला जागा उत्तम. व्यापाराचा ओघ मात्र पश्चिमेच्या वाटेने वाहू लागला आणि नुसत्या पहाऱ्यावर पेठ जगत नाही.

उगम क्षीण झाला, उन्हाळ्यात कुंड कोरडं पडू लागलं. २०१४मध्ये नर्मदेचं पाणी सुमारे ३५० मीटर उंच चढवून नळाने इथे आणून सोडलं. नर्मदा-क्षिप्रा सिंहस्थ जोडणी ती हीच. उगमाच्या कुंडापाशी आज मूळ झरा कुठला आणि नळाचं पाणी कुठलं हे विचारून, दोन्ही जागा नकाशावर वेगवेगळ्या दाखवाव्यात. आणखी पन्नास वर्षांनी हा फरक सांगणारं कुणी राहणार नाही. सकाळच्या चार तासांत एवढं काम उरकतं.

पाचवा दिवस: पुन्हा इंदूर

आता परत कागदाकडे. तीन दिवसांच्या वहीतून शेतांची नावं, विहिरी, चिरे आणि देव खसरा नंबरांवर चढवायचे आणि पहिल्या दिवशी पेन्सिलने केलेल्या खुणांशी ताडायचे. अर्ध्याअधिक खुणांचा उलगडा होतो. उरलेल्यांसाठी मोडी कागद लागतात.

पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, पण इंदुरातल्या अनेक मराठी घरांत, कमाविसदार, फडणीस, जोशी यांच्या वंशजांकडे, ट्रंकेत मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून पडून आहेत. ते वाचताना गावाच्या नावासाठी डोळा तयार ठेवावा. मोडीत आधी पूर्ण ओळ ओढून मग तिला अक्षरं लटकवतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि अनुस्वार बहुतेक गाळतात; कंपेल तिथे ‘कपेल’ दिसेल, तेही आधीच्या ‘परगणे’ला चिकटून. साल अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं. ‘समान सितैन मया व अलफ’ म्हणजे ८, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६८. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आलं १७६७-६८, अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला ते साल. फसली, म्हणजे महसुली, साल असेल तर कुठलं फसली ते आधी ठरवावं: दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, उत्तरेकडच्या फसलीत ५९२ किंवा ५९३. १९४८नंतरचे मध्य भारत राज्याचे (इंदूर तेव्हा त्यात होतं) कायदे पुन्हा संवतात आहेत. जमीनदारी आणि जागीर निर्मूलनाचे कायदे संवत २००८चे, म्हणजे १९५१चे. एका गावाच्या फायलीत चार-चार कालगणना शेजारी बसतात, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे मूळ साल जसंच्या तसं आणि कंसात इसवी सन, ही शिस्त सोडू नये.

मोडी कागद कुणाच्या घरून मिळाला तर तो मालकाच्याच टेबलावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता टिपावा. घड्या जोर लावून उलगडू नयेत. घडीवरच कागद फाटतो आणि रक्कम किंवा शिक्का नेमका घडीवर असतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्यातून कागद पुन्हा सुटत नाही. रुमालाचं कापड धुऊन वाळवून तेच परत बांधावं, आत कडुनिंबाची वाळलेली पानं.

शेवटी तीन प्रती काढाव्यात. एक आपल्याकडे, एक एखाद्या ग्रंथालयात, आणि एक गावात, पंचायतीच्या कपाटात नको, सचिव बदलला की ते कपाट रिकामं होतं. शाळेत द्यावी, हिंदीत लिहून, मोठ्या अक्षरांत, सोबत रंगवलेला नकाशा आणि प्रत्येक विहिरीपुढे ती खोदवणाऱ्याचं नाव.